विंडोज डॉट ओल्ड : काढावं की ठेवावं?



१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. २९ जुलै २०१५ ला आलेली ही सिस्टिम दहा वर्षं आपल्या घरात, लॅबमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात राबली. सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडतो असं नाही. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं, आणि इंटरनेटला जोडलेल्या मशीनसाठी ते धोक्याचं असतं. त्यामुळे ज्याला त्याला विंडोज ११ ची घाई झाली आणि हॉस्टेलमध्ये एखादी साथ यावी तशी एकच तक्रार सगळ्या मजल्यांवरून ऐकू येऊ लागली : "अपग्रेड केलं आणि सी ड्राइव्ह लाल झाला!"

हा लेख त्या लाल पट्टीबद्दल आहे. माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे 'संचयनक्षमता' वगैरे शब्द माझ्याकडून अपेक्षित नाहीत. जागेला आपण जागाच म्हणू.

१. जागा गेली कुठे?

आधी एक छोटा गैरसमज दूर करू. बॉक्सवर '१२८ जीबी' लिहिलेलं असतं आणि विंडोज दाखवतं ११९. दुकानदाराने ९ जीबी खाल्ले असं नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४ च्या पाढ्याने मोजतं. त्याच हिशोबाने २५६ चे २३८ होतात आणि ५१२ चे ४७६. ही जागा चोरीला गेलेली नाही, ती शोधू नका.

खरी जागा जाते ती अपग्रेडच्या वेळी. नवी विंडोज बसते तेव्हा जुनी पुसली जात नाही. ती उचलून सी ड्राइव्हवरच 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. बऱ्याचदा हा फोल्डर २० जीबीच्या आसपास भरतो, कधी त्याहून जास्त. शिवाय नवी सिस्टिम डाउनलोड करताना आलेल्या सेटअपच्या फाइल्स, लॉग, तात्पुरत्या फाइल्स हे सगळं वर. म्हणजे काही दिवस तुमच्या मशीनमध्ये दोन संसार एकाच खोलीत थाटलेले असतात.

हे मुद्दाम केलेलं असतं. नवी सिस्टिम पटली नाही, प्रिंटर चालेना, एखादं सॉफ्टवेअर रुसलं, तर परत जाता यावं म्हणून. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग रिकव्हरी, तिथे 'गो बॅक' हे बटण असतं. ते साधारण १० दिवस चालतं. त्यानंतर विंडोज तो जुना फोल्डर आपणहून काढून टाकतं. दहा दिवस पुरणार नसतील तर 'डिस्म' या कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र ती पहिले दहा दिवस संपायच्या आत द्यावी लागते.

आता प्रश्न असा की दहा दिवस थांबायचं, की आजच काढायचं? याला एकच उत्तर नाही. २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी पेणला आणि रोह्याला दोन मशीन पाहिली. लक्षण दोन्हीकडे तेच, लाल पट्टी. उपाय मात्र एकमेकांच्या अगदी उलटे निघाले.

२. पेणचा लॅपटॉप

पेणला माझ्या मामाचा गणपतीचा कारखाना आहे. पेणमध्ये असे कारखाने भरपूर, आणि जवळच्या हमरापूर-जोह्याला तर घराघरांत मूर्तिकाम. मामाचा कारखाना त्यातला एक लहानसा. ऑर्डरी, हिशोब आणि मूर्तींचे फोटो हे सगळं एका लॅपटॉपवर. डिस्क १२८ जीबीची. अपग्रेडच्या आधी ३१ जीबी मोकळी होती, नंतर उरली ३.

मामा म्हणाला, "ते जुने फोटो काढून टाक सगळे. जागा होईल."

मी म्हटलं, "मामा, आधी बघू तरी फोटो किती आहेत ते."

फोटो होते १४ जीबी. विंडोज डॉट ओल्ड होता २४ जीबी. सेटअपच्या आणि तात्पुरत्या फाइल्स ४ जीबी. म्हणजे गेलेले २८ जीबी नेमके तिथेच होते. फोटोंचा या सगळ्यात काही संबंधच नव्हता. आणि त्या फोटोंमध्ये काय होतं? सात वर्षांच्या मूर्ती, गिऱ्हाइकांनी पसंत केलेले रंग, आणि आजोबा डोळ्यांची आखणी करतानाचे जवळजवळ दोनशे फोटो. आजोबा आता नाहीत. कारखान्यातली नवी पोरं आखणी शिकताना तेच फोटो मोठे करून बघतात, ब्रश कुठून टेकवला, कुठे उचलला ते. विंडोज उद्या परत डाउनलोड होईल. हे फोटो कुठून डाउनलोड करणार?

जागा कमी पडली की आपला हात पहिल्यांदा फोटोंकडे जातो, कारण तेवढेच आपल्या ओळखीचे असतात. सिस्टिमच्या फोल्डरची नावं अनोळखी वाटतात, म्हणून त्यांना आपण घाबरतो. परिणाम असा की जे फुकट परत मिळतं ते जपलं जातं आणि जे परत मिळणार नाही ते आधी जातं.

मग विंडोज डॉट ओल्ड लगेच उडवला का? नाही. मामाला एवढंच विचारलं, "नवीन साचा आला की जुना लगेच फोडतोस का?" तो म्हणाला, "छे! नव्यातून दोन-चार मूर्ती नीट निघू देत. नाक बरोबर येतंय का, सोंड अडकते का, ते बघायला नको?" झालं तर मग. विंडोजचंही तेच. पाच दिवस आम्ही लॅपटॉप नेहमीसारखा वापरला. बिल छापून पाहिलं, जुन्या मराठी फॉण्टमधली यादी उघडून पाहिली, फोटो मोबाइलवरून लॅपटॉपवर घेऊन पाहिले. सगळं चाललं. फोटो एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केले. त्यानंतरच जुना 'साचा' फोडला.

हिशोब असा लागला : ३ मोकळे होते, त्यात विंडोज डॉट ओल्डचे २४, तात्पुरत्या फाइल्सचे ४, रिसायकल बिनचे २ आणि हायबरनेशनच्या फाइलचे ३ (याबद्दल पुढे सांगते). एकूण ३६ जीबी. एकही फोटो न काढता.

३. रोह्याचा कॉम्प्युटर

भाऊबीजेला बाबांबरोबर रोह्याला आत्याकडे गेले. पेणहून गाडीने कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. ओवाळून झालं, फराळ झाला, आणि आत्याने हळूच विषय काढला, "अगं, तू कॉम्प्युटरचं शिकतेस ना? माझी बचत गटाची फाईल दिसत नाहीये."

आत्या बारा बायकांच्या बचत गटाचा हिशोब लिहिते. तीन वर्षांची एक्सेलची फाईल, कोणी किती भरले, कोणाला कर्ज दिलं, किती परत आलं. वही पहिल्या वर्षापुरतीच होती. सहा दिवसांपूर्वी एका दुकानातून तिने विंडोज ११ टाकून घेतलं होतं. मशीन घरी आलं तेव्हा डेस्कटॉप कोरा. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "डेटा गेला असेल. आणि जागा कमी दाखवतंय, तर क्लीनअप मारून घ्या."

इथे थांबा आणि विचार करा. पेणला मी जे केलं तेच रोह्याला केलं असतं तर?

दुकानात अपग्रेड केलेलं नव्हतं, नवी विंडोज कोरी बसवली होती. पण डिस्क फॉरमॅट केलेली नव्हती. अशा वेळी इन्स्टॉलर जुनी विंडोज तर उचलून ठेवतोच, शिवाय जुन्या यूजरचं सगळं सामान, म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, हेही त्याच फोल्डरमध्ये ठेवतो. सी ड्राइव्ह उघडला, विंडोज डॉट ओल्ड उघडला, आत 'यूजर्स', त्यात आत्याचं जुनं नाव. परवानगी मागितली, 'कंटिन्यू' म्हटलं, डेस्कटॉप उघडला. फाईल तिथेच होती. 'बचत गट नवीन २'. (नावं सगळ्यांचीच अशी असतात, हसू नका.)

आधी पेनड्राइव्हवर कॉपी केली, मग ती कॉपी उघडून शेवटच्या महिन्याची बेरीज आत्याला वाचून दाखवली. ती "बरोबर" म्हणाली तेव्हाच पुढे गेलो. मग डॉक्युमेंट्स आणि फोटोही काढून घेतले. हे सगळं सहाव्या दिवशी. त्या दुकानातला सल्ला ऐकून क्लीनअपमध्ये एक टिक केली असती, किंवा नुसतं दुर्लक्ष करून दिवस जाऊ दिले असते आणि विंडोजने फोल्डर आपणहून काढला असता, तर बारा बायकांचा हिशोब गेला असता. नेमके किती पैसे कोणाचे, हे मग आठवणीवर. आणि पैशाच्या बाबतीत बारा जणींच्या आठवणी एकसारख्या नसतात.

४. मग ठरवायचं कसं?

दोन्हीकडे फोल्डरचं नाव एकच. आत काय आहे ते वेगळं. म्हणून काहीही काढण्याआधी तीन प्रश्न विचारायचे :

(अ) ही वस्तू कोणाची? सिस्टिमची की माझी?
(आ) गेली तर परत मिळेल का?
(इ) मला मागे जायची गरज पडू शकते का?

सिस्टिमची आहे, परत मिळते आणि मागे जायचं नाही, अशी तिन्ही उत्तरं आली तरच डिलीट. एकाही उत्तरात 'माहीत नाही' आलं तर आधी कॉपी, मग बघू.

आणि अपग्रेडच्या वेळी 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय निवडला होता की नाही, हे नक्की आठवा. तो निवडला असेल तर तुमचं सामान जागच्या जागी असतं, पेणसारखं. 'काहीच ठेवू नका' किंवा कोरी इन्स्टॉल असेल तर तुमचं सामान विंडोज डॉट ओल्डमध्ये असण्याची शक्यता आहे, रोह्यासारखं. डिस्क फॉरमॅट केली असेल तर मात्र हा फोल्डर बनतच नाही.

५. साफसफाईचा क्रम

आता प्रत्यक्ष काम. या क्रमानेच करा.

पहिलं : सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज. इथे कोणी किती जागा घेतली ते पट्ट्यांमध्ये दिसतं. पाच मिनिटं नुसतं बघा, काहीही दाबू नका.

दुसरं : 'टेंपररी फाइल्स' उघडा. यादीत 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स' दिसेल, तोच आपला विंडोज डॉट ओल्ड. इथून काढला की नीट निघतो. सी ड्राइव्हवर जाऊन शिफ्ट-डिलीट मारत बसलात तर परवानग्यांच्या खिडक्या येत राहतील आणि अर्धवट निघेल. टिक केल्यावर एक इशारा येतो की आता मागे जाता येणार नाही. तो खरा आहे.

तिसरं : याच यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असतं. त्यावर टिक नाही ना, ते दोनदा बघा. ज्यांची असाइनमेंट, फीची पावती आणि हॉलतिकीट सगळं डाउनलोड्समध्येच राहतं (म्हणजे आपण सगळे), त्यांनी तीनदा.

चौथं : रिसायकल बिन उघडून बघा, मग रिकामा करा. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन फाइल्स' आणि अपडेटचा कचरा निर्धास्त काढा.

पाचवं : हायबरनेशन. लॅपटॉप हायबरनेट करताना रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून ठेवायला विंडोज एक फाईल राखून ठेवतं, साधारण रॅमच्या ४० टक्के. ८ जीबी रॅम असेल तर तीनएक जीबी. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवर कॉन्फिगची 'एच ऑफ' ही कमांड दिली की ती जाते. पण त्याबरोबर 'फास्ट स्टार्टअप'ही बंद होतं, आणि बॅटरी संपत आली की काम वाचवणारी सोयही जाते. मामाचा लॅपटॉप कायम प्लगला असतो, म्हणून तिथे चाललं. झाकण मिटून लेक्चरला पळणाऱ्यांनी हे करू नये.

सहावं : यानंतर स्वतःच्या सामानाकडे वळा. आणि तेव्हाही डिलीट नाही, आधी हलवा. जुने सिनेमे, गेम, पूर्ण झालेले प्रोजेक्ट दुसऱ्या डिस्कवर. कॅडवाल्यांच्या बॅकअप फाइल्स, अँड्रॉइड स्टुडिओवाल्यांचे न वापरलेले एम्युलेटर, यांनी किती जागा धरलीय ते बघून तुम्हीच थक्क व्हाल.

डिस्क किती मोकळी ठेवावी? १५-२० टक्के ठेवावी असा साधारण अंदाज धरतात. एसएसडी काठोकाठ भरली की तिला आतली जुळवाजुळव करायला मोकळी जागा मिळत नाही आणि ती मंदावते. आणि जागा नसेल तर सुरक्षेचे नवे अपडेटही बसत नाहीत. म्हणजे ज्या कारणासाठी अपग्रेड केलं तेच कारण वाया.

६. यांना हात लावू नका

'विन-एस-एक्स-एस' नावाचा एक फोल्डर विंडोजच्या आत असतो. तो दहाएक जीबीचा दिसतो आणि बघणाऱ्याला मोह होतो. पण त्यातल्या बऱ्याच फाइल्स म्हणजे एकाच फाईलला दोन ठिकाणी लावलेल्या पाट्या आहेत. एक्सप्लोरर दोन्ही पाट्या मोजतं, त्यामुळे तो आहे त्याहून मोठा वाटतो. हाताने काढलात तर विंडोज बसेल ती उठणारच नाही. तो आवरायचं काम वरच्या क्लीनअपलाच करू द्या.

पेजफाईल हीसुद्धा कचरा नाही. रॅम कमी पडली की ओझं तिकडे उतरवलं जातं. तसंच २०१९ पासून विंडोज पुढच्या अपडेटसाठी सुमारे ७ जीबी जागा स्वतःकडे राखून ठेवतं. तिच्याशी भांडू नका. आणि 'एका क्लिकमध्ये पीसी तिप्पट वेगवान' म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर टाकू नका. जागा करायला आणलेला पाहुणाच जागा अडवून बसतो, आणि तो घरात काय बघतो ते आपल्याला कळत नाही.

७. २०१८ चा धडा

"साफसफाई सिस्टिमवर सोडली की झालं" असं वाटत असेल तर ही हकिकत वाचा. २ ऑक्टोबर २०१८ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं १८०९ हे मोठं अपडेट आणलं. काही दिवसांतच ते थांबवावं लागलं, कारण काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि फोटो अपडेटनंतर गायब झाले. तक्रारी करणाऱ्यांचं प्रमाण फार थोडं होतं, पण ज्याचे गेले त्याचे पूर्ण गेले.

झालं काय होतं? ज्यांनी आपला डॉक्युमेंट्स फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता, त्यांच्याकडे सी ड्राइव्हवर त्याच नावाचा जुना फोल्डर उरायचा. अपडेटने तो जास्तीचा समजून काढून टाकला. पण काहींच्या त्या जुन्या फोल्डरमध्येही फाइल्स होत्या. दुरुस्ती करून ते अपडेट १३ नोव्हेंबर २०१८ ला पुन्हा दिलं गेलं. फोल्डरचं नाव बघितलं आणि आत काय आहे ते बघितलं नाही, म्हणून हे झालं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या प्रोग्रामकडून हे होऊ शकतं, तर रात्री दोन वाजता सबमिशनच्या टेन्शनमध्ये असलेल्या आपल्याकडून का नाही होणार?

८. उबुंटूवाल्यांसाठी चार ओळी

तुमच्याकडे विंडोज डॉट ओल्ड नसतो, पण जुने कर्नल साठतात. बूटचं पार्टिशन वेगळं आणि लहान असेल तर ते भरतं आणि पुढचं अपडेट मध्येच अडकतं. ॲप्टचा 'ऑटोरिमूव्ह' चालवा, तो जुने कर्नल काढतो. पण चालू कर्नलबरोबर एखादा आधीचा राखून ठेवतो. स्नॅपसुद्धा प्रत्येक ॲपची मागची आवृत्ती धरून असतो. म्हणजे मागे जायची एक वाट ठेवायची, ही रीत सगळीकडे सारखीच. फक्त आपल्याला ती वाट कुठे आहे आणि किती दिवस उघडी आहे हे माहीत हवं.

९. शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं

जागा करणं हे दुसरं काम, पहिलं काम बॅकअप. त्याचा एक जुना सोपा नियम आहे : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक वेगळ्या गावी. 'वेगळ्या गावी' हे ऐकून हसू येतं. पण पावसाळ्यात कुंडलिका वाढली की रोह्यात काय धावपळ होते, हे तिथल्या मुलांना विचारा. २६ जुलै २००५ चा पूर तर आपल्या रायगडात घरोघरी आठवतो. लॅपटॉप आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात असतील तर पाण्याला दोन्ही सारखीच. म्हणून आता आत्याच्या हिशोबाची एक प्रत पेणला मामाकडे आहे आणि आजोबांच्या आखणीच्या फोटोंची एक प्रत रोह्याला आत्याकडे. हिशोबाची फाईल इंटरनेटवरच्या ड्राइव्हमध्येही ठेवली आहे.

तेव्हा मंडळी, अपग्रेड करणार असाल तर हे एवढं भिंतीवर चिकटवा :

अपग्रेडच्या आदल्या दिवशी : बॅकअप, आणि त्यातली एक फाईल उघडून खात्री.
पहिले पाच-सहा दिवस : सगळी नेहमीची कामं करून बघणं. प्रिंटर, वायफाय, कॅड, मराठी टायपिंग.
सातव्या दिवशी : विंडोज डॉट ओल्डच्या आत 'यूजर्स' उघडून बघणं.
आठव्या दिवशी : ठरवणं. परत जायचं, की जुनं काढायचं.

दुकानातून विंडोज टाकून घेणार असाल तर मशीन देताना एकच प्रश्न विचारा, "फॉरमॅट करणार का?" उत्तर काहीही असो, बॅकअप आधी घरी घ्या. आणि आई-बाबांचा, काका-मावशीचा कॉम्प्युटर अपग्रेड झाला असेल तर आज संध्याकाळी मेसच्या रांगेत उभं असताना त्यांना फोन करा आणि तारीख विचारा. दहा दिवस व्हायला किती उरलेत, ते मोजा.